कटिंग्जच्या ढिगातलं तेल

शेल या खडकाविषयी माझं मत दोनदा बदललं. पहिल्यांदा बदललं तेव्हा मी ते चारचौघांत मिरवलं. दुसऱ्यांदा बदललं तेव्हा मात्र गप्प बसलो, कारण तोवर ‘आपल्या पायाखाली तेल आहे’ हे सांगत हिंडणारा माणूस म्हणून माझी ओळख झाली होती. व्याख्यानाची बोलावणी यायची, श्रोते टाळ्या वाजवायचे. तशी ओळख सोडवत नाही. आता बोलावणीही कमी झाली आहेत, तेव्हा लिहून टाकायला हरकत नाही.

मी मड इंजिनिअर होतो. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात रिगवर काम सुरू केलं. विहीर खोदताना पाइपातून एक चिखल आत सोडतात. तो खडक फोडणाऱ्या बिटाला थंड ठेवतो, भिंतींना आधार देतो आणि बिटाने फोडलेला खडकाचा चुरा घेऊन वर येतो. त्या चिखलाचं वजन, घट्टपणा, क्षार सांभाळणं ही माझी नोकरी. शेल हा आमचा शत्रू. त्याला पाणी लागलं की तो फुगतो, भिंती ढासळतात, पाइप अडकतो. पाइप अडकला की मध्यरात्री मड इंजिनिअरला उठवतात आणि चूक कोणाचीही असो, पहिली विचारणा त्यालाच होते. शेलचे थर कसेबसे पार करून खाली चुनखडक लागला की सगळे सुस्कारा टाकत. मुंबई हायचं बहुतेक तेल त्या चुनखडकातलं. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने शोधलं तेही तेच.

वर आलेला चुरा, म्हणजे कटिंग्ज, थरथरत्या चाळणीवरून उचलायचा, धुवायचा आणि केबिनमध्ये अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरायचा. चुनखडकाच्या कणांत तेल असेल तर ते पिवळसर चमकायचे. शेलचे तुकडे बहुधा काळेच राहायचे. क्वचित एखादा मिणमिणायचा. त्यावर सॉल्व्हंटचा थेंब टाकला की कडेने दुधाळ रंग सुटायचा. म्हणजे तेल होतं, पण अडकलेलं. भूगर्भतज्ज्ञ सांगायचे की तेल मुळात तयार होतं ते खालच्या शेलमध्येच, मग लाखो वर्षांत झिरपत वर येऊन चुनखडकात साठतं. जे मागे राहिलं ते काही बाहेर येत नाही. आम्ही रिपोर्टमध्ये ‘दखल घेण्याजोगं नाही’ असं लिहायचो आणि चुरा समुद्रात सोडून द्यायचो.

तेव्हा शेलमधून तेल काढण्याच्या गोष्टींना मी हसत असे, आणि हसायला पुरावा होता. १९७३च्या अरब तेलबंदीनंतर निक्सन यांनी जाहीर केलं होतं की १९८० सालापर्यंत अमेरिका ऊर्जेत स्वयंपूर्ण होईल. ते झालं नाही. मग १९८०मध्ये कार्टर यांच्या काळात कृत्रिम इंधनांसाठी सरकारी महामंडळ निघालं. त्याचं उद्दिष्ट होतं १९८७पर्यंत दिवसाला ५ लाख पिंपं आणि १९९२पर्यंत २० लाख. त्याच सुमारास कोलोरॅडोत एक्सॉनने कॉलनी नावाचा अवाढव्य प्रकल्प हाती घेतला. तिथल्या खडकात तेल नव्हतंच. होता तो केरोजेन, म्हणजे न पिकलेलं तेल. खडक खणून काढायचा, फोडायचा आणि साधारण पाचशे अंशांना भाजायचा, तेव्हा कुठे तेल सुटणार. २ मे १९८२, रविवार. एक्सॉनने प्रकल्प बंद केल्याचं जाहीर केलं आणि दोन हजारांहून जास्त माणसं एका दिवसात बेकार झाली. ते महामंडळही १९८६पर्यंत गुंडाळलं गेलं. शेल नावाच्या तेल कंपनीने तिथेच जमिनीत हीटर पुरून आणि भोवती बर्फाची भिंत गोठवून वेगळा प्रयोग केला, तोही पुढे २०१३मध्ये सोडून दिला. रिगवरच्या मेसमधल्या जुन्या मासिकांत मी हे वाचत आलो होतो. तेलाचा भाव चढला की हे प्रकल्प जागे होतात आणि उतरला की झोपतात, असं माझं ठाम मत होतं.

कोलोरॅडोपुरतं ते मत अजूनही टिकून आहे. टेक्सास आणि नॉर्थ डकोटाने मात्र ते पार झोपवलं.

तिथला खडक वेगळा होता. तिथे तेल पिकलेलं होतं, फक्त रंध्रं इतकी बारीक की ते हलत नव्हतं. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये १९८१पासून गॅससाठी डोकं फोडून घेतलं होतं. घट्ट जेलऐवजी जवळजवळ नुसतं पाणी प्रचंड दाबाने मारून पाहिलं आणि १९९८च्या सुमारास जमलं. त्याला आडव्या विहिरीची जोड मिळाली. मग बाकन, ईगल फोर्ड, पर्मियन या पट्ट्यांत तोच मंत्र तेलासाठी वापरला गेला. २००८मध्ये अमेरिकेचं कच्च्या तेलाचं उत्पादन दिवसाला ५० लाख पिंपांवर आलं होतं. २०१५मध्ये ते ९४ लाखांवर गेलं. १९७० सालचा ९६ लाखांचा उच्चांक पुन्हा कधी गाठला जाणार नाही असं शिकत आमची पिढी मोठी झाली. २०१८मध्ये तो मागे पडला. २०२३ची सरासरी १ कोटी २९ लाख.

रिगवरचा माझा एक जुना सहकारी तोवर पश्चिम टेक्सासात मिडलँडला जाऊन स्थिरावला होता. त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने मला एका साइटवर नेलं. रिग केव्हाच निघून गेली होती. विहिरीभोवती पंप बसवलेल्या ट्रकांच्या दोन रांगा, सगळ्यांची इंजिनं एकदम चालू, बोलायचं तर कानाशी ओरडावं लागायचं. आडवी विहीर दोन-तीन किलोमीटर लांब. ती टप्प्याटप्प्याने फोडत जायचं. एका विहिरीला तीन-चार कोटी लिटर पाणी आणि हजारो टन वाळू. ही वाळू मी मुद्दाम हातात घेतली. गोल, पांढरी, एकसारखी, साखरेपेक्षा बारीक. भेगा पडल्यावर त्या पुन्हा मिटू नयेत म्हणून हे कण त्यांत जाऊन बसतात. त्या वेळी ही वाळू पार विस्कॉन्सिनमधून रेल्वेने यायची. ज्या शेलला आवरण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तोच खडक ही माणसं ठरवून फोडत होती आणि त्यातून तेल वाहत होतं. मी तिथेच शरण गेलो.

परत आलो तो प्रचारक होऊन. गुजरातमध्ये खंबातच्या खोऱ्यात उत्तम काळा शेल आहे. तिथल्या जुन्या तेलक्षेत्रांना तेल त्यानेच पुरवलं. दुर्गापूरजवळ ओएनजीसीला २०११च्या जानेवारीत शेल गॅस लागला होता. २०१३मध्ये केंद्राने शेलसाठी धोरण आणलं. रिलायन्सने तर २०१०मध्येच अमेरिकेतल्या शेलमध्ये मोठे हिस्से घेतले होते. मार्च २०१५मध्ये पंतप्रधानांनी २०२२पर्यंत तेलाच्या आयातीवरचं अवलंबन दहा टक्क्यांनी कमी करण्याचं लक्ष्य दिलं. माझ्या व्याख्यानाला याहून चांगली पार्श्वभूमी कोणती? अमेरिकी ऊर्जा माहिती विभागाचा २०१३चा अंदाज मी पडद्यावर दाखवायचो: भारतात काढता येण्याजोगा शेल गॅस ९६ लाख कोटी घनफूट आणि शेलमधलं तेल ३८० कोटी पिंपं. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेच्याच भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने आपल्या तीन खोऱ्यांसाठी ६.१ लाख कोटी घनफूट एवढाच अंदाज दिला होता. दोन्ही आकडे माझ्या फायलीत होते. सभेत दाखवायचो तो पहिला.

खंबातमध्ये आणि इतरत्र शोधविहिरी झाल्या, खडकाचे नमुने वर आले, अहवाल झाले. धंदा म्हणून चालेल असं काही हाती आलं नाही. मी आधी सरकारी लालफितीला दोष दिला, मग उदासीनतेला. ती सवय सगळ्यांनाच असते. पण मिडलँडला जे पाहिलं होतं ते पुन्हा आठवून पाहताना लक्षात आलं की मी तिथे खडक, पाणी आणि वाळू तेवढी पाहिली होती. बाकीचं समोर असूनही दिसलं नव्हतं.

उदाहरणार्थ, त्या साइटच्या जमिनीचा मालक. सहकाऱ्याच्या ओळखीचा, गुरं पाळणारा म्हातारा. फाटकापाशी गाडी थांबवून आमच्याशी हवापाण्याचं बोलला. खनिजाचे हक्क त्याच्याच नावावर होते. अमेरिकेत जमिनीखालचं तेल खासगी मालकीचं असू शकतं, आणि मालकाला दर पिंपामागे रॉयल्टी मिळते, आठव्या हिश्श्यापासून पाव हिश्श्यापर्यंत. त्याला धूळ, आवाज, ट्रक हे सगळं चालत होतं, कारण दर महिन्याला चेक येत होता. आपल्याकडे जमिनीखालचं तेल सरकारचं. मेहसाण्याच्या शेतकऱ्याला मिळतं ते जमिनीचं भाडं आणि पिकाची भरपाई. त्याने आपल्या दोन-चार बिघ्यांशेजारी असा कारखाना का सोसावा? तोही एकदाच नाही. शेलची विहीर पहिल्या वर्षातच निम्म्याहून खूप खाली येते. उत्पादन टिकवायचं तर शेजारी दुसरी, तिच्यापलीकडे तिसरी. मोटेवरचा बैल थांबला की पाणी थांबतं, तसं हे तेल. मुंबई हायचं तसं नव्हतं. तिथल्या चांगल्या विहिरी वर्षानुवर्षं वाहिल्या. २०१४मध्ये अमेरिकेत एकोणीसशेच्या वर रिग एका वेळी चालू होत्या. आपल्याकडे सगळ्या मिळून शंभर-सव्वाशे. आणि पाणी? उत्तर गुजरातचं भूजल किती खोल गेलंय हे तिथल्या कोणत्याही बोअरवाल्याला विचारा.

पैशाचं तर मी काही बोलतच नसे. अमेरिकेत स्वस्त कर्जावर ही सगळी यंत्रणा उभी राहिली. भाव ११५ डॉलरवरून २०१६च्या सुरुवातीला तिशीच्या खाली आला आणि कंपन्या कोसळू लागल्या. २०१५ ते २०२० या काळात उत्तर अमेरिकेतल्या दोनशेहून जास्त तेल-गॅस कंपन्यांनी दिवाळखोरी जाहीर केली. दुसऱ्यांनी त्यांच्या विहिरी मातीमोलाने घेतल्या आणि तेल वाहत राहिलं. तेल टिकलं, पण पहिल्यांदा पैसा घालणारे बुडाले. आपल्या कोणत्या बँकेला हे परवडेल? रिलायन्सनेही २०२१मध्ये तिथला उरलासुरला हिस्सा विकून टाकला.

सरसकट ‘आपल्याला जमत नाही’ असंही नाही, बरं का. मेहसाण्याजवळ बलोल आणि सांथळ इथे तेल इतकं जाड आहे की ते आपणहून वाहत नाही. तिथे ओएनजीसी नव्वदच्या दशकापासून विहिरीतून हवा सोडून जमिनीखालच्या तेलालाच आग लावते. थोडं तेल जळतं, त्या उष्णतेने बाकीचं पातळ होऊन शेजारच्या विहिरींकडे सरकतं. एक किलोमीटर खोल चाललेली आग वरून सांभाळायची, हे काम पाहायला मिळालं तर जरूर पाहावं. जगात फार थोड्यांना जमलं आहे. पण हे हुन्नर एका ठिकाणचं, एका जातीच्या तेलासाठीचं. देशाच्या तहानेत त्याचा वाटा लहानसा.

इथवर माझं मत ‘भारतात शेल अवघड’ एवढंच बदललं होतं. पुढचा धक्का वेगळा होता, आणि तो खुद्द अमेरिकेचा. जून २०२२. युक्रेनच्या युद्धाने तेल भडकलेलं. अमेरिका तेव्हा जगातला सर्वांत मोठा तेल उत्पादक देश, आणि तिथे पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला ५ डॉलरवर गेला. आपल्या हिशेबात लिटरला शंभर रुपयांच्या आसपास. त्याच महिन्यात मुंबईत १११ रुपये होता, त्यातही आपल्या भावात कराचा वाटा मोठा, त्यांच्यात किरकोळ. निक्सननी ज्या स्वातंत्र्याची घोषणा केली होती ते आकड्यांत तरी जवळपास आलं होतं. आणि मिडलँडचा माणूस, ज्याच्या अंगणात तेल निघत होतं, तोही पंपावर जगाचाच भाव मोजत होता. माझा सहकारी फोनवर चिडून म्हणाला, “आमचंच तेल, आम्हालाच एवढं महाग?” मला हसू आलं. मग हसू मावळलं, कारण मी दहा वर्षं लोकांना हेच सांगत आलो होतो की घरचं तेल निघालं की आपण सुटलो.

तेल निर्यात करण्यावरची १९७५ची बंदी अमेरिकेने डिसेंबर २०१५मध्ये उठवली. त्यानंतर त्यांचं तेल जिथे भाव मिळेल तिथे जाऊ लागलं. ऑक्टोबर २०१७मध्ये पहिली खेप आपल्या पारादीपलाही उतरली. आणि एवढं उत्पादन असूनही अमेरिका आजही दिवसाला साठ लाखांहून जास्त पिंपं बाहेरून आणते. कारण शेलचं तेल हलकं, आणि तिथल्या मोठ्या रिफायनऱ्या जड तेलासाठी बांधलेल्या. बाहेरून येणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त येतं कॅनडातून.

कॅनडाची गोष्ट मला आता जास्त बोलकी वाटते. अल्बर्टात अथाबास्का नदीच्या काठी वाळूला चिकटलेलं डांबरासारखं बिटुमेन आहे. एका पिंपामागे साधारण दोन टन वाळू खणावी लागते. गरम पाण्याने ते सोडवण्याची युक्ती कार्ल क्लार्क यांनी १९२०च्या दशकात बसवली, मोठा कारखाना १९६७मध्ये चालू झाला. साठा म्हणाल तर दीडशे अब्ज पिंपांच्या वर. हा देश तरी परावलंबी नसावा ना? पण तेल समुद्रापासून दूर, आणि बहुतेक सगळ्या पाइपलाइनी एकाच गिऱ्हाइकाकडे, दक्षिणेला. २०१८च्या शरदात त्यांच्या जड तेलाला अमेरिकी तेलापेक्षा ४० डॉलरहून कमी भाव मिळत होता. शेवटी अल्बर्टा सरकारने जानेवारी २०१९पासून कंपन्यांना उत्पादन कमी करायला लावलं. कीस्टोन एक्सएल ही पाइपलाइन ओबामांनी २०१५मध्ये नाकारली, ट्रम्प यांनी २०१७मध्ये मंजूर केली, बायडन यांनी २०२१मध्ये पुन्हा रद्द केली. म्हणजे अल्बर्टाचं भवितव्य वॉशिंग्टनच्या निवडणुकीवर. पश्चिम किनाऱ्याकडे जाणारी वाढीव पाइपलाइन सुरू व्हायला मे २०२४ उजाडला. विकणाराही विकत घेणाऱ्यावर इतका टांगलेला असतो, हे ‘परकीय तेल’ या विषयावर तावातावाने बोलताना मी एकदाही म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून मी टक्केवारी छातीवर घेत नाही. २०१३-१४मध्ये आपण साधारण ७७ टक्के कच्चं तेल बाहेरून आणत होतो, आता ८८च्या आसपास. कमी व्हायचं ते वाढलं. देशी उत्पादन २०११-१२च्या ३.८ कोटी टनांवरून तीन कोटींच्या खाली आलं आणि खप चोवीस कोटी टनांकडे गेला. पूर्वी ८८ हा आकडा ऐकून माझा संताप झाला असता. आता मी विचारतो की खप कुठे होतो. नऊ कोटी टनांहून जास्त डिझेल, पेट्रोल चार कोटींच्या आसपास. रेल्वेचे ब्रॉडगेज मार्ग जवळजवळ सगळे विजेवर आले, त्याने जेवढं डिझेल वाचलं तेवढं द्यायला खंबातच्या शेलला किती विहिरी लागल्या असत्या, हा हिशेब कोणी सभेत मांडत नाही. मीही मांडला नव्हता. त्याला टाळ्या नाहीत.

इथे महाराष्ट्रातले श्रोते हमखास इथेनॉलचा प्रश्न काढतात. साखर पट्ट्यात तर काढतातच. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रण झालं, ही मोठी गोष्ट आहे. कारखान्यांच्या हातात रोख आली, उसाची बिलं लवकर निघाली. पण इथेनॉल जातं फक्त पेट्रोलमध्ये, आणि लिटरमागे त्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी. माझ्या बोटांवरच्या हिशेबाने ते एकूण तेलाच्या दोन-अडीच टक्क्यांची जागा घेतं. पाऊस कमी झाला तेव्हा, डिसेंबर २०२३मध्ये, सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला लगाम घालावा लागला होता. आता मका उसाच्या पुढे गेलाय. आखातावरचं अवलंबन कमी करून पावसावरचं वाढवलं, एवढं म्हटलं की सभेतलं वातावरण थोडं गार होतं. तरी मी म्हणतो.

खोदकामाच्या विरोधात मी गेलेलो नाही. राजस्थानात बारमेरला ज्या भागातून शेल कंपनीने काढता पाय घेतला, तिथेच केर्न कंपनीला २००४मध्ये मंगला हे तेलक्षेत्र सापडलं. तेल इतकं मेणचट की गरम ठेवलेल्या पाइपलाइनमधून न्यावं लागतं, पण निघालं. मिडलँडचा सहकारी मला हेच उदाहरण तोंडावर फेकतो आणि म्हणतो, दीडशे डॉलर भाव होऊ दे, खंबातही वाहील. वाहीलही. सलग दोन-तीन वर्षं तग धरणाऱ्या पाच-सहा विहिरी आणि त्यांच्या पाण्याचा हिशेब त्याने मला दाखवावा, मी तिसऱ्यांदा मत बदलीन.

तोवर जमिनीखाली पैसा घालायचाच असेल तर माझं मत साठवणीच्या बाजूने. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूरच्या खडकातल्या गुहांत आपली सोय ५३ लाख टनांची, साडेनऊ दिवस पुरेल एवढी. ओडिशातलं चंडीखोल आणि पाडूरचा दुसरा टप्पा २०२१मध्ये मंजूर झाले. तिथलं कठीण खडक फोडायचं काम वेळेत कसं होईल, यावर कोणी व्याख्यानाला बोलावलं तर मी जाईन.